ताळेबंदातला आकडा कशावर उभा असतो? नव्याने हिशेब शिकणाऱ्यांसाठी

हिशेब शिकायला लागलं की आधी नावे-जमा शिकवतात, मग टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. लेखाशास्त्राची गृहीतकं, तत्त्वं आणि मर्यादा मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायच्या यादीत जाऊन बसतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. एन्ट्री कुठल्या खात्यात टाकायची हे चार दिवसांत जमतं. पण ती यंदाच्या वर्षात टाकायची की पुढच्या, खर्च म्हणून की मालमत्ता म्हणून, पूर्ण रकमेची की निम्म्या, हे टॅली सांगत नाही. ते आपल्याला ठरवावं लागतं आणि ठरवताना ही तत्त्वंच कामी येतात. ताळेबंद म्हणजे एका ठरावीक दिवशी धंद्याकडे काय आहे आणि तो कुणाचं किती देणं लागतो याचं पत्रक. त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा कुणीतरी घेतलेल्या निर्णयावर उभा असतो. तो निर्णय ओळखता आला की ताळेबंद वाचता येतो.

म्हणून इथे एकच धंदा घेऊ आणि त्याचं एक वर्ष शेवटपर्यंत नेऊ. समजा, लालबागमध्ये एका ताईंनी मसाल्याचा धंदा सुरू केला. १ एप्रिल २०२४ ला गाळा भाड्याने घेतला, कांडप यंत्र बसवलं. हा धंदा मी मुद्दाम निवडला. साठवणीच्या मसाल्याचा हंगाम साधारण मार्च ते मे, म्हणजे ऐन गर्दीत ३१ मार्च येतो. बेडगी आणि संकेश्वरी पोत्यांत पडून आहे, गिऱ्हाइकांनी आगाऊ पैसे दिलेत, व्यापाऱ्याची उधारी द्यायची आहे, आणि त्याच रात्री वर्ष बंद करायचं आहे. आकडे सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत; जीएसटी आणि प्राप्तिकर बाजूला ठेवला आहे. वही-पेन घेऊन बसा आणि वाचता वाचता आकडे मांडत चला.

पहिली पायरी: धंदा वेगळा, मालक वेगळा

ताईंनी बचतीतले ३,००,००० रुपये धंद्यात घातले. हिशेबाच्या दृष्टीने धंद्याने ते ताईंकडून घेतले, म्हणजे तो ताईंचं देणं लागतो. म्हणूनच भांडवल ताळेबंदात देण्यांच्या बाजूला बसतं. "पैसे स्वतःचेच, मग देणं कसलं?" हा जवळपास प्रत्येक नवख्याला पडणारा प्रश्न इथेच सुटतो.

वर्षभरात मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी ४०,००० धंद्याच्या खात्यातून गेले. हा धंद्याचा खर्च नाही, ही ताईंची उचल. ती भांडवलातून वजा होईल. नफ्या-तोट्याशी तिचा संबंध नाही.

एकल मालकीत कायद्याच्या नजरेत धंदा आणि मालक एकच असतात. पॅन एकच, आणि धंद्याचं कर्ज थकलं तर वसुली घरापर्यंत येऊ शकते. तरीही वहीत दोघांना वेगळं ठेवायचं, कारण त्याशिवाय धंदा कमावतोय की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही. यासाठी करायचं काम अगदी साधं आहे: धंद्याचं वेगळं करंट खातं उघडा आणि काउंटरवरचा क्यूआर कोड त्याला जोडा. क्यूआर घरच्या बचत खात्याला जोडलेला असला की गिऱ्हाइकाचे मसाल्याचे पैसे आणि मामेभावाने पाठवलेले भिशीचे पैसे एकाच पासबुकात येतात. मग मार्चअखेर ते निवडत बसावं लागतं आणि निम्म्या रकमा कसल्या होत्या ते आठवतही नाही.

याच पायरीवर आणखी एक गृहीतक: जे पैशात मोजता येतं तेवढंच वहीत येतं. ताईंच्या हाताला चव आहे, परळपासून करी रोडपर्यंतच्या बायका त्यांच्याकडेच येतात, ही धंद्याची खरी ताकद. ताळेबंदात तिला जागा नाही. शिवाय आजचा रुपया आणि दहा वर्षांपूर्वीचा रुपया सारखाच धरून आपण बेरजा करतो. या दोन उणिवा मान्य करूनच पुढे जायचं.

दुसरी पायरी: धंदा चालू राहणार आहे का, हे आधी विचारा

कांडप यंत्र १,५०,००० ला घेतलं. उद्या विकायला काढलं तर निम्मी किंमतही येईल याची खात्री नाही. मग वहीत किती धरायचं? यंत्र विकण्यासाठी घेतलेलंच नाही, ते वापरण्यासाठी आहे. ते दहा वर्षं चालेल आणि शेवटी हातात काही येणार नाही असा अंदाज केला, तर दरवर्षी १५,००० घसारा, म्हणजे यंत्राच्या किमतीचा त्या वर्षी वापरला गेलेला वाटा, धरायचा. पहिल्या वर्षाच्या शेवटी यंत्र १,३५,००० ला उभं राहतं. ही त्याची बाजारातली किंमत नव्हे, अजून वापरायचा राहिलेला खर्च आहे. कंपन्यांना असा अंदाज बांधायला कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत आयुर्मानं दिली आहेत: डेस्कटॉप-लॅपटॉपसारख्या संगणकांना ३ वर्षं, सर्वसाधारण फर्निचरला १० वर्षं.

हे सगळं धंदा चालू राहील या गृहीतकावर टिकून आहे. ते कोसळलं की त्याच वहीतले आकडे निरर्थक होतात. जेट एअरवेजचं उदाहरण मुंबईकरांना सांगायला नको. १७ एप्रिल २०१९ ला तिचं शेवटचं विमान उडालं, प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा, म्हणजे मालमत्ता विकून, देणी भागवून बंद करायचा आदेश दिला. उडती कंपनी असताना एखाद्या सुट्या भागाचा साठा उपयोगाचा असतो; कंपनी बंद पडली की प्रश्न एवढाच उरतो की आज विकून किती येतील आणि ते कुणाला आधी मिळतील.

म्हणून हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारायचा. मोठ्या कंपन्यांत व्यवस्थापनाला किमान पुढच्या बारा महिन्यांचा विचार करावा लागतो, आणि शंका असेल तर लेखापरीक्षक आपल्या अहवालात तसं स्पष्ट लिहितो. ताईंच्या बाबतीत गाळ्याचा करार कधी संपतो आणि इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का, हे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळतं.

तिसरी पायरी: वर्ष कुठे कापायचं

धंदा अखंड चालतो, पण नफा किती झाला हे कधीतरी सांगावंच लागतं, म्हणून वर्षाचे तुकडे करायचे. पूर्वी अनेक व्यापारी दिवाळीला वही बदलत. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन आजही होतं. प्राप्तिकरासाठी मात्र निर्धारण वर्ष १९८९-९० पासून सगळ्यांनाच ३१ मार्च लागू झाला, आणि कंपनी कायदा, २०१३ ने कंपन्यांसाठीही, थोडे अपवाद सोडून, तीच तारीख पक्की केली.

चौथी पायरी: पैसे आले-गेले कधी हे विसरा, कमाई आणि खर्च कधीचा ते पाहा

इथे थोडं थांबू, कारण नवखे सर्वांत जास्त इथेच अडखळतात.

ताईंनी पासबुक पाहून केलेला हिशेब असा. वर्षभरात गिऱ्हाइकांकडून आले १४,००,०००. गेले ते असे: मिरची आणि खडा मसाला ८,५०,०००, तेरा महिन्यांचं भाडं २,६०,०००, लाइट बिल ६०,०००, कामाच्या बायकांची मजुरी १,५०,०००, यंत्र १,५०,०००, गाळ्याचं डिपॉझिट १,००,०००. एकूण १५,७०,०००. म्हणजे आल्यापेक्षा १,७०,००० जास्त गेले. ताई म्हणतात, पहिलं वर्ष तोट्यात गेलं.

आता एकेक रक्कम उचलून बघा.

विक्री: आलेल्या १४,००,००० पैकी ८०,००० आगाऊ आहेत, मसाला एप्रिलमध्ये द्यायचा आहे. माल दिलेला नाही, म्हणजे कमाई झालेली नाही. ते आज देणं आहे. उलट दादरच्या एका केटररला फेब्रुवारीत ६०,००० चा माल उधारीवर गेला, पैसे यायचे आहेत. माल त्याच्या ताब्यात गेला, म्हणजे ती यंदाची कमाई. विक्री झाली १३,८०,०००.

माल: मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्याचे ७०,००० द्यायचे आहेत, पण मिरची येऊन पडली आहे, ते खरेदीत धरायचे. ३१ मार्चच्या रात्री १,२०,००० चा माल शिल्लक आहे, तो पुढच्या वर्षीच्या विक्रीचा आहे. तो वजा करायचा. विकलेल्या मालाचा खर्च ८,५०,००० अधिक ७०,००० उणे १,२०,०००, म्हणजे ८,००,०००. ज्या वर्षाची विक्री, त्याच वर्षी तिचा खर्च: जुळणीचं तत्त्व म्हणतात ते हेच.

भाडं: महिना २०,०००. तेरावा महिना एप्रिल २०२५ चा, आगाऊ भरलेला. यंदाचा खर्च २,४०,०००. उरलेले २०,००० म्हणजे पूर्वदत्त खर्च, ही मालमत्ता.

लाइट: मार्चचं ६,००० चं बिल एप्रिलमध्ये आलं, पण वीज मार्चमध्ये जळली. खर्च ६६,०००.

यंत्र आणि डिपॉझिट: यंत्राचा यंदाचा वाटा फक्त १५,००० घसारा. डिपॉझिट गाळा सोडताना परत मिळणार आहे, त्यामुळे तो खर्चच नाही. मुंबईत डिपॉझिटची रक्कम मोठी असते, आणि ती खर्चात टाकल्यामुळे पहिल्या वर्षाचं चित्र पार बिघडतं.

आता नफा: १३,८०,००० मधून ८,००,०००, २,४०,०००, ६६,०००, १,५०,००० आणि १५,००० वजा करा. उरतात १,०९,०००. पासबुक १,७०,००० चा तोटा म्हणत होतं.

पासबुक खोटं बोलत नव्हतं. धंद्यातून तेवढी रोख खरंच बाहेर गेली. नफा आणि रोख हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि नफ्यातला धंदा रोखीअभावी बंद पडू शकतो. म्हणूनच कंपन्यांना नफा-तोटा पत्रकासोबत रोख प्रवाहाचं पत्रकही द्यावं लागतं, काही छोट्या कंपन्यांना त्यातून सूट आहे. प्राप्तिकरासाठी एकल मालकाला रोखीची पद्धत, म्हणजे पैसे आले-गेले तेव्हाच नोंद, चालते. कंपन्यांना तो पर्याय नाही: कंपनी कायद्याच्या कलम १२८ नुसार वह्या उपार्जित पद्धतीने (या पायरीवर केलं तसं, कमाई आणि खर्च ज्या वर्षाचा त्या वर्षात धरून) आणि द्विनोंदीनेच (प्रत्येक व्यवहाराची नावे आणि जमा अशी दुहेरी नोंद करून) ठेवाव्या लागतात.

पाचवी पायरी: आकडा कुठून आला ते दाखवा

मालमत्ता वहीत येते ती घेतलेल्या किमतीला. गिरणगावातल्या गिरण्यांच्या जमिनी आठवा. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी घेतलेली जमीन मूळ किमतीच्या पद्धतीने वहीत त्या काळच्या रकमेलाच राहते, मग शेजारी टॉवरमधला फ्लॅट कितीही कोटींना जावो. हे विचित्र वाटतं, पण मूळ किमतीचा कागद असतो. आजची किंमत म्हणजे कुणाचा तरी अंदाज, आणि ज्याला कर्ज हवंय त्याचा अंदाज नेहमी वर जातो. काही प्रकारच्या मालमत्तेसाठी पुनर्मूल्यांकनाची आणि वाजवी मूल्याची वाट आज लेखा मानकांनी, म्हणजे हिशेब मांडायच्या ठरलेल्या नियमांनी, खुली ठेवली आहे. पण ती निवडली तर तसं सांगावं लागतं.

कागदाचं महत्त्व यातच आलं. प्रत्येक नोंदीमागे बिल, पावती, करार किंवा बँकेचं विवरण हवं, आणि बाहेरच्या माणसाला ते तपासता यायला हवं. ७ जानेवारी २००९ ला हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. बँक शिल्लक ही तपासायला सर्वांत सोपी बाब. म्हणून ३१ मार्चची वहीतली बँक शिल्लक बँकेच्या विवरणाशी जुळवून बघणं, हे नवख्याने सर्वांत आधी करायचं काम आहे.

सहावी पायरी: तोटा दिसला की लगेच धरा, नफा हाती आल्यावर

आता ताईंच्या १,०९,००० कडे सावधपणे पाहू. दादरचा केटरर फोन उचलत नाही आणि त्याच्या किचनला कुलूप आहे. ६०,००० पैकी निम्मे तरी जातील असं वाटतं. म्हणून ३०,००० ची संशयित येण्यांची तरतूद करायची, म्हणजे बुडू शकणारी तेवढी रक्कम आजच नफ्यातून वजा करायची. पोत्यांपैकी २५,००० च्या मिरचीला ओल लागली आहे, आता तिचे १५,००० च येतील. साठा खरेदी किंमत आणि विकून हाती पडेल ती रक्कम, यांत जी कमी तिला धरायचा, असं लेखा मानक २ सांगतं. १०,००० कमी करायचे. उरलेल्या मिरचीचा बाजारभाव खरेदीपेक्षा चढलेला असला तरी तो फायदा आज धरायचा नाही.

नफा उरला ६९,०००.

सावधगिरीच्या नावाखाली उलटी लबाडीही होते. चांगल्या वर्षी गरज नसताना जास्त तरतुदी करायच्या आणि वाईट वर्षी त्या हळूच परत घ्यायच्या, म्हणजे नफा दरवर्षी एकसारखा दिसतो. ही सावधगिरी नाही. तरतुदीचं कारण कागदावर लिहिता आलं पाहिजे.

आता ताळेबंद मांडून पाहा. मालमत्ता: यंत्र १,३५,०००, साठा १,१०,०००, येणं ३०,०००, पूर्वदत्त भाडं २०,०००, डिपॉझिट १,००,०००, रोख आणि बँक ९०,०००. बेरीज ४,८५,०००. दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्याचे ७०,०००, आगाऊ ८०,०००, लाइट ६,०००, आणि ताईंचं भांडवल: ३,००,००० अधिक ६९,००० उणे ४०,०००, म्हणजे ३,२९,०००. बेरीज ४,८५,०००. रोख ९०,००० कशी आली ते स्वतः काढून बघा. ते जमलं तर वरच्या सगळ्या पायऱ्या समजल्या असं धरा.

सातवी पायरी: पद्धत बदलू नका, बदललीत तर सांगा

साठ्याची किंमत काढायला आधी आलेला माल आधी गेला असं धरता येतं किंवा भारित सरासरी, म्हणजे प्रत्येक खरेदीचं वजन धरून काढलेला सरासरी भाव, काढता येते. शेवटी आलेला माल आधी गेला ही पद्धत लेखा मानक २ ला मान्य नाही. भाव चढे असताना पहिल्या पद्धतीने साठा जास्त किमतीचा दिसतो आणि नफाही जास्त. म्हणजे यंदा सरासरी, पुढच्या वर्षी पहिली पद्धत, एवढ्या बदलाने एक किलोही जास्त न विकता नफा वाढवता येतो. म्हणून सातत्य. योग्य कारण असेल तर पद्धत बदलता येते, पण बदल आणि त्याचा नफ्यावर झालेला परिणाम लिहावा लागतो.

आपल्याकडे लेखा मानकं तयार करते ती इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, स्थापना १९४९. तिच्या लेखा मानक १ मध्ये मूलभूत गृहीतकं तीनच सांगितली आहेत: चालू धंदा, सातत्य आणि उपार्जन. ती पाळली असतील तर लिहायची गरज नाही; मोडली असतील तर लिहावंच लागतं. पाठ करायचंच असेल तर आधी हे वाक्य करा.

संपूर्ण प्रकटनाचं तत्त्वही इथेच येतं. वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकेल अशी गोष्ट लपवायची नाही, मग ती आकड्यांत बसो किंवा टिपेत. ताईंवर कुणी कोर्टात दावा लावला असेल आणि निकाल लागायचा असेल, तर ती टीप हवी. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध घातले, आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा उरली. एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जं दडवून ठेवल्याचं पुढे उघड झालं. शाखांबाहेर रांगा लावून उभ्या असलेल्या निवृत्त माणसांनी ताळेबंदावर नाही, बँकेवर विश्वास ठेवला होता. आणि बँकेवरचा विश्वास शेवटी तिच्या ताळेबंदाच्या खरेपणावरच टिकतो. प्रकटनाचा विषय मी म्हणूनच दोन ओळींत उरकत नाही.

आठवी पायरी: कुठे थांबायचं

सगळं सगळ्या बारकाव्यांनिशी लिहायचं ठरवलं तर वर्ष पुरणार नाही. इथे मर्यादा येतात.

पहिली मर्यादा, बाबीचं महत्त्व: वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल एवढी बाब मोठी आहे का? ताईंनी २५० रुपयांचा स्टेपलर घेतला, तो पाच वर्षं चालेल. घसारा काढत बसू नका, खर्चात टाका. शेअर बाजारात नोंदवलेल्या मोठ्या कंपन्या आपले आकडे कोटींत छापतात ते याच न्यायाने. पण नुसत्या रकमेवर जाऊ नका. गल्ल्यातून दर आठवड्याला ५०० रुपये कमी भरत असतील तर रक्कम लहान असूनही बाब मोठी आहे, कारण ती चोरी असू शकते.

दुसरी: माहिती मिळवायचा खर्च तिच्या उपयोगापेक्षा जास्त नको. प्रत्येक पुडीचा वेगळा खर्च काढण्यात ताईंना काही मिळणार नाही. प्रत्येक प्रकारच्या मसाल्याचा काढला तर पुष्कळ कळेल.

तिसरी: काही व्यवसायांचे स्वतःचे नियम असतात. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की ते कर्ज अनुत्पादक ठरतं, आणि मग बँकेला त्यावरचं व्याज उपार्जित धरता येत नाही, हातात आलं तरच धरता येतं. चौथ्या पायरीवरचा नियम इथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे.

आता सराव

बीएसईच्या संकेतस्थळावर कुठल्याही नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल मोफत मिळतो. तुम्हाला ज्याचा धंदा कळतो अशी कंपनी निवडा; बिस्किटांची, रंगांची, कुठलीही. नफ्याचा आकडा आधी पाहू नका. पहिल्यांदा लेखापरीक्षकाचा अहवाल उघडा आणि धंदा चालू राहण्याबद्दल शंका घेणारा परिच्छेद आहे का ते पाहा. मग महत्त्वाच्या लेखा धोरणांची टीप वाचा: विक्री कधी धरतात, साठा कुठल्या पद्धतीने मोजतात, यंत्रांचं आयुष्य किती धरलं आहे. त्यानंतर संभाव्य देण्यांची, म्हणजे निकाल लागायच्या दाव्यांसारख्या बाबींची टीप. हे वाचून झालं की आदल्या वर्षीचा अहवाल शेजारी उघडा आणि याच तीन धोरणांचं वाक्य शब्दशः ताडून पाहा. कुठे शब्द बदलला असेल, तर त्याचा नफ्यावर किती रुपयांचा परिणाम झाला हे कंपनीने कुठे लिहिलं आहे ते शोधा, आणि मगच नफ्याच्या आकड्याकडे वळा.